वॉटर्लूचं ब्रोशर आणि वॉटर्लू

गेल्या महिन्यात आमच्या रूमवर एक चकचकीत ब्रोशर आलं. रूममेटने शहरातल्या एका ‘ओव्हरसीज कन्सल्टन्सी’तून आणलं होतं. वर बर्फ, मेपलचं पान आणि दात दाखवून हसणारी चार मुलं. आत मजकूर असा, की कॅनडातल्या किचनर-वॉटर्लूला या, वेगाने वाढणारं शहर, आयटीचं माहेरघर, नोकऱ्याच नोकऱ्या आणि पुढेमागे घर घेतलंत तर उत्तम गुंतवणूक! रूममेटचे बाबा दोन एकर तारण ठेवायला तयार आहेत. मेसमध्ये तीन रात्री चर्चा झाली, आमटी गार झाली, निकाल काही लागला नाही. मग मीच त्या गावाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. (सबमिशनसाठी एवढं वाचलं असतं तर डिस्टिंक्शन मिळालं असतं. असो.)

गाव भारी आहे, हे आधीच कबूल करतो. टोरांटोपासून शंभरेक किलोमीटर. किचनर, वॉटर्लू, केंब्रिज ही जोडगावं आणि भोवतालची खेडी मिळून २०२१ च्या जनगणनेत ५ लाख ८७ हजार वस्ती. आपल्या कोल्हापूरएवढं समजा. पूर्वीचं हे टायरचं, बुटांचं, चामड्याचं गाव. १९५७ साली तिथे जे विद्यापीठ सुरू झालं, त्यामागे कोण होतं माहीत आहे? एका टायर कंपनीचे लोक! बी. एफ. गुडरिचच्या कॅनडातल्या कंपनीचे अध्यक्ष आयरा नीडल्स यांनी १९५६ मध्ये भाषणात योजना मांडली, की इंजिनिअर कमी पडताहेत, तर पोरांना काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात शिकवू. त्याच कंपनीत काम केलेले जेराल्ड हेगी विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हा सुरुवातीला पाऊणशेच्या आसपास पोरं होती.

त्या पद्धतीला ‘को-ऑप’ म्हणतात आणि ती आजही चालू आहे. साधारणपणे चार महिने कॉलेज, चार महिने कंपनी, असं आलटून पालटून. डिग्रीला जवळजवळ पाच वर्षं लागतात, पण त्यातली दोनेक वर्षं कंपनीत पगार घेऊन काढलेली असतात. दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. तिथे विद्यार्थ्याने किंवा प्राध्यापकाने काही शोधलं, तर त्याची मालकी त्याचीच. विद्यापीठ हक्क सांगत नाही. आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही म्हणा, फायनल इयरचा प्रोजेक्ट आपण रेडिमेड विकत आणतो. त्याची मालकी दुकानदाराची!

आता ब्लॅकबेरी. माइक लझारिडिस हा त्याच विद्यापीठातला, डिग्री अर्धवट सोडलेला मुलगा. १९८४ मध्ये त्याने मित्राबरोबर ‘रिसर्च इन मोशन’ काढली. १९९९ मध्ये पहिला ब्लॅकबेरी आला आणि गावाचं नाव जगभर झालं. २००७ मध्ये आयफोन आला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कंपनीने जगभरातल्या मिळून २०११ मध्ये दोन हजार, २०१२ मध्ये पाच हजार, २०१३ मध्ये साडेचार हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं. २०१६ मध्ये स्वतः फोन बनवणंच थांबवलं. एका कंपनीवर उड्या मारणाऱ्या गावाचं अशा वेळी काय होतं, हे गिरण्या बंद झालेल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा.

इथे मात्र गाव बसलं नाही. केंब्रिजला १९८८ पासून टोयोटा होती, विमा कंपन्या होत्या, हे खरं. पण मला वाटतं मुख्य कारण वेगळं. कंपनी गेली तरी इंजिनिअर गावातच होते आणि दर चार महिन्यांनी नवी पोरं कंपन्यांच्या दारात उभी राहतच होती. २००९ मध्ये तिथल्याच मेकॅट्रॉनिक्सच्या पोरांनी क्लिअरपाथ रोबोटिक्स काढली, ती २०२३ मध्ये रॉकवेल ऑटोमेशनने विकत घेतली. चामड्याच्या जुन्या कारखान्यात स्टार्टअप बसल्या, रबराच्या जुन्या कारखान्यात गूगल. लझारिडिसनेही पैसा नुसता बंगल्यात नाही घातला. त्याच्या १० कोटी डॉलरच्या देणगीवर तिथे भौतिकशास्त्राची पेरिमीटर इन्स्टिट्यूट उभी राहिली.

पण आमच्या रूमवरचं ब्रोशर या विद्यापीठाचं नव्हतंच! नाव वॉटर्लूचं आणि ॲडमिशन भलत्याच कॉलेजात, एक वर्षाच्या मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला. त्याच परिसरात दुसरी एक वाढ झाली, तिचं हे ब्रोशर. ओंटारिओ सरकारने २०१९ मध्ये तिथल्या मुलांची फी दहा टक्के कमी करून गोठवली. मग कॉलेजांनी परदेशी मुलं भरली, कारण त्यांच्याकडून कितीतरी पट फी घेता येते. किचनरच्या एकट्या कॉनेस्टोगा कॉलेजला २०२३ मध्ये ३० हजारांहून जास्त स्टडी परमिट मिळाले आणि देशभरात भारतीय पोरं सगळ्यांत जास्त. एवढी माणसं राहणार कुठे? जानेवारी २०२४ मध्ये सरकारने परमिटवर मर्यादा घातली. खात्यात दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ केली, २०२५ मध्ये आणखी वाढवली. मग ओंटारिओतली कॉलेजं अभ्यासक्रम बंद करू लागली, माणसं कमी करू लागली. आणि ते घराच्या गुंतवणुकीचं? १ जानेवारी २०२३ पासून परदेशी माणसाला कॅनडात घर घ्यायलाच बंदी घातली, काही अपवाद सोडून. पुढे तिची मुदत २०२७ च्या सुरुवातीपर्यंत वाढवली. ब्रोशरवाल्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

कॅनडाला जाऊच नये असं मी म्हणत नाही. आपले सीनिअर तिकडे आहेत, चांगले आहेत. माझं भांडण एवढंच आहे, की जे गाव पोराला कारखान्यात पाठवून वाढलं, त्याचं नाव दाखवून आपल्याला सीट विकली जातेय. आणि आपण तरी काय करतो? इन-प्लांट ट्रेनिंगचं पंधरा दिवसांचं सर्टिफिकेट काकांच्या ओळखीने आणतो. कंपनीचं गेट सुद्धा बघितलेलं नसतं. आपल्या प्लेसमेंट सेलला आणि सरांना माझी जाहीर विनंती आहे. एमआयडीसी बसने वीस मिनिटांवर आहे. एक अख्खी सेमिस्टर तिथे पाठवा, मार्क त्याचेच द्या. एक बॅच वर्षभर उशिरा पास झाली तरी चालेल. पहिलं नाव माझं लिहा, गंमत नाही करत.

रूममेटने ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या पानावर चार प्रश्न लिहिलेत. को-ऑप आहे का? असेल तर गेल्या वर्षी किती जणांना मिळाली? या डिप्लोमानंतर वर्क परमिट मिळतं का? आणि फी परत मिळण्याचा नियम लेखी द्याल का? कन्सल्टन्सीने ‘सर फोन करतील’ म्हणून सांगितलंय, आज अकरावा दिवस. रविवारी त्याचे बाबा सातबारा घेऊन येणार आहेत. ते पान आम्ही त्यांच्यासमोर ठेवणार आहोत.