फुकटचं ज्ञान २२ हजारांना

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ दे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या तालुक्यात फ्लेक्स लागतात, "४५ दिवसांत वेबसाइट डिझायनर व्हा." फी २२ हजार. माझ्या भाचीने यंदा असा कोर्स केला. दाजींनी सोयाबीनचे राखून ठेवलेले पैसे मोडले. मी तिला विचारलं, एचटीएमएल म्हणजे काय गं? तर म्हणाली, "ते सरांनी सोडून दिलं मामा, डायरेक्ट टेम्पलेट दिलं." टेम्पलेटमधलं नाव बदलायचं, फोटो बदलायचा, की झाला डिझायनर!

क्लासवाले म्हणतात, जागेचं भाडं आहे, लाइटबिल आहे. मान्य. शिकवण्याचे पैसे जरूर घ्या, पण मग शिकवा तरी. आणि पोरांना हेही सांगा की तुम्ही जे विकताय ते जगाने फुकट दिलेलं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी वेब तयार केलं ते सर्न या संस्थेत, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते तंत्र सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्यावर कुणाची मालकी नाही. तुमची तर नाहीच नाही.

एचटीएमएल, सीएसएस शिकायला मोझिलाचं एमडीएन आहे, पैसा लागत नाही. फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून आहे, तिथे धडा वाचून लगेच कोड लिहून बघता येतो, प्रमाणपत्रही मोफत. डब्ल्यूथ्री स्कूल्स सोपं आहे, नवख्याने तिथून सुरुवात करावी. केलेलं पान जगाला दाखवायचं तर गिटहब पेजेसवर फुकट चढवता येतं. वर्डप्रेस मोफत आहे आणि त्याच्या मेनूची भाषा मराठी करता येते. साधा जुना लॅपटॉप आणि नोटपॅड, एवढ्यावर पहिलं पान तयार होतं.

"मग शिकत का नाहीत पोरं?" असं शहरातले विद्वान विचारतात. अहो, कारण हे बहुतेक सगळं इंग्रजीत आहे! मराठी शाळेतून आलेल्या पोरीला "अ‍ॅट्रिब्यूट" या एका शब्दापाशी अडायला होतं, आणि नेमकं तिथेच क्लासवाल्याचं दुकान उभं राहतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने लिनक्स, लिब्रेऑफिस असे विषय मराठी आवाजात आणले. हे काम किती जणांना माहीत आहे? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या उत्साहाचा थोडा तरी वाटा एचटीएमएलचे पंधरा धडे मराठीत नीट लिहिण्याकडे गेला असता तर?

क्लासमध्ये केलेलं भाचीचं पान उघडलं तर मराठी मजकुराच्या जागी सगळी चित्रविचित्र अक्षरं. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ही एक ओळ लिहायची असते, बस. २२ हजारांत ती एक ओळ बसली नाही राव!

दुकानदार मित्रांनो, तुमचंही ऐका. "वेबसाइट करून देतो" म्हणणारे डोमेन स्वतःच्या नावावर घेतात. पुढच्या वर्षी दुप्पट पैसे मागतात, नाही दिले तर साइट बंद. दुकान तुमचं, पाटी मात्र त्याच्या मालकीची. पैसे देण्याआधी डोमेनची नोंदणी कुणाच्या नावावर, कुणाच्या ईमेलवर आहे ते लेखी घ्या.

आणि पालकांनो, फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन एवढंच म्हणा, टेम्पलेट न वापरता कोऱ्या नोटपॅडमध्ये एक मराठी पान आमच्यासमोर करून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. नाही जमलं तर पोरांना रविवारी सकाळी वाचनालयात पाठवा. लॅपटॉप घेऊन मी बसतो, फी नाही. चहा आपापला.