नवे यंत्र आणि कालची अक्षरे

कोणते नवे उपकरण घ्यावे आणि कोणते टाळावे, याची चर्चा बहुधा किंमत आणि वेग यांच्यापुरती राहते. वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी कसोटी वेगळी असायला हवी: काल लिहिलेले उद्या वाचता येईल का?

मराठीने या कसोटीची किंमत मोजलेली आहे. युनिकोडपूर्व फाँटांमध्ये देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. पडद्यावर मराठी दिसे. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असत. फाँट नसलेल्या संगणकावर अख्खा प्रबंध निरर्थक चिन्हांचा ढीग होई. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरी त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून यायला २००८ साल उजाडले. तोवर 'ॲरिस्टॉटल'च्या पहिल्याच अक्षरापाशी तडजोड करावी लागे. ही चिमुकली सुधारणा आपल्याला कोणत्याही नव्या कॅमेऱ्याहून अधिक मोलाची आहे.

हीच कसोटी ई-पुस्तकाला लावून पाहावी. किंडलवर २०१६च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तके मिळू लागली, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. पण २००९मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या, पैसे परत केले. त्यांतली एक '१९८४' होती! २०२५च्या फेब्रुवारीत विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोयही बंद झाली. अर्थात, असे उपकरण वाचनासाठी घ्यावे; संग्रहासाठी त्यावर विसंबू नये.

यावर आक्षेप येईल, की काही बदल आपल्या मर्जीवर नसतात. खरे आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नियमित आधार संपला, आणि असुरक्षित संगणकावर प्रबंध ठेवणे शहाणपणाचे नाही. परंतु म्हणून यंत्रच मोडीत काढायला हवे असे नाही. त्यातल्या अनेकांवर विनामूल्य लिनक्स चालते आणि त्यावर देवनागरी नीट लिहिता येते.

मराठी विभागांनी नव्या लॅपटॉपांची मागणी जरूर करावी. त्याआधी कपाटातल्या सीडींवरचे प्रबंध मात्र युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. त्या येणाऱ्या लॅपटॉपांत सीडी घालायची जागाच बहुधा नसेल.