फादर कोणाला होता येतं?

आमच्या बुकित तिमाहला १८४६ साली स्थापलेलं सेंट जोसेफ चर्च आहे. त्यावरून जाताना नातवाने आम्हांला विचारलं, "फादर कोणालाही होता येतं?"

नाही बाळा. फादर लग्न न करण्याचं व्रत घेतात. पण ज्या पुरुषाचं मन मुळातच पुरुषांकडे ओढ घेतं, तो व्रत पाळायला तयार असला तरी त्याला सेमिनरीत घेऊ नये, असं व्हॅटिकनने २००५ साली ठरवलं. २०१६ साली तेच पुन्हा सांगितलं.

घर त्यांचं, नियम त्यांचा. पण साठच्या दशकात इस्राएलात लग्न लावताना रब्बी आपल्या लोकांची वंशावळ तपासत. १९६४ साली आपली माणसं जेरुसलेमात धरणं धरून बसली, तेव्हा सरकारला लक्ष घालावं लागलं. दारात उभं करून तपासलेलं कसं लागतं, ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणून नातवाला सांगितलं, "माणसाची वागणूक बघावी, रे."