लाईन गेली, आता पुन्हा पहिल्या फायलीपासून

‘गिट डिफटूल’ ज्यांनी घडवलं, त्यांच्या घरची लाईन कधी जात नसावी. मी खामगावात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. सहकाऱ्याने साठ-सत्तर फायलींत फेरफार केला, की जुनं-नवं ताडून बघणं हे रोजचंच. डिफटूल एकेक फाइल उघडतं, कितीपैकी कितवी तेही ऐटीत सांगतं. चाळिसावीला लाईन जाते, डेस्कटॉप बंद. लाईन आल्यावर तीच कमांड द्या, पहिली फाइल हजर! मग आधी बघितलेल्या प्रत्येक फायलीला ‘एन’ दाबत सुटायचं.

“इन्व्हर्टर घ्या की!” हा पुण्याचा सल्ला. अहो, माणूस काय फक्त लाईन गेल्यावरच उठतो? जेवण नाही, मीटिंग नाही, दारात पाहुणा नाही?

त्यात फायली येतात इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. म्हणजे ‘ॲडमिन’ तीनतीनदा तपासून होतं आणि ‘टेस्ट्स’, ‘यूटिल्स’पर्यंत पोचेस्तोवर डोळे थिजलेले असतात. मग ‘ठीक दिसतंय’ असा शेरा मारायचा आणि सुटायचं. चुका कुठे तग धरतात, हे वेगळं सांगायला हवं?

गिट 2005 सालचं. मधूनच सुरुवात करायची ‘स्किप-टू’ ही सोय आली मार्च 2021 मध्ये, 2.31 आवृत्तीत. तीही कशी, तर कुठल्या फायलीपासून दाखवू, ते नाव आपणच सांगायचं! शेगावच्या महाराजांची पोथी 21 अध्यायांची. आमच्याकडची कुठलीही आजी सातव्या अध्यायानंतर पोथीत खूण घालते आणि दुसऱ्या दिवशी सरळ आठवा उघडते. एवढीशी खूण या अवजाराला जमत नाही.

खूण क्रमांकाची नको, मध्ये एक नवी फाइल घुसली की चाळिसावीची एक्केचाळिसावी होते. नुसतं नावही पुरत नाही, रात्रीतून कुणी त्याच फायलीत हात घालून ठेवतं. गिट मजकुरावरून 40 अक्षरी हॅश काढतंच. जुन्या आणि नव्या मजकुराच्या हॅशची जोडी ‘तपासली’ म्हणून नोंदवा, डॉट-गिट फोल्डरात ठेवा. पुढच्या वेळी जोडी तीच असेल तर फाइल वगळा, एक स्वल्पविराम जरी हलला असेल तर पुन्हा दाखवा. आणि ‘तपासली’ हे माणसाने सांगू द्या. खिडकी बंद झाली म्हणजे बघून झालं, असं धरू नका; लाईन गेली तरी खिडकी बंदच होते.

गिटहबवरची ‘व्ह्यूड’ची चौकट जवळपास हेच करते, फाइल बदलली की टिक उतरवते. म्हणजे अक्कल जगात आहे, फक्त माझ्या मशीनवर यायला तयार नाही.

“ओपन सोर्स आहे, तूच लिही,” हे उत्तर तयार असतंच. लिहितो. फक्त तो पॅच तपासणाऱ्याने डिफटूलमध्येच तपासावा, आणि मध्ये एकदा सगळं बंद करून चहाला जाऊन यावं.