पेटीवरचे वॅट आणि बॅटरीतले वॅट



या सदरात आपण बियाणे, खते, पंप, फवारे यांची पारख कशी करावी हे वेळोवेळी पाहिले. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, पण पारख तीच. जुन्नर भागातील एका वाचक भगिनींनी कळविले आहे की, त्यांचा मुलगा स्वतःच्या पिकअप गाडीतून टोमॅटो घेऊन रात्री वाशीच्या बाजारात जातो. गाडीत बेसचा स्पीकर, म्हणजे सबवूफर, आणि त्याला लागणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे त्याने ठरविले आहे. पेटीवर '२००० वॅट' असे छापलेले आहे. आकाराने ती वहीएवढी आहे, आणि बॅटरीवर तिचा भार पडत नाही असे दुकानदार म्हणतो. मुलाचे वडील याला 'उधळपट्टी' म्हणतात. दोन आठवड्यांपासून बाप-लेक एकमेकांशी धड बोलत नाहीत. ताई विचारतात, "ही वस्तू सांगतात तशी आहे का? आणि रात्रीच्या गाडीला तिच्यापासून काही धोका आहे का?"

ताई, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. क्रमाने पाहू.

छोटी पेटी आणि मोठा आवाज, हे शक्य आहे का?

शक्य आहे. यात फसवणूक असलीच पाहिजे असे नाही. जुन्या पद्धतीचे अ‍ॅम्प्लिफायर 'ए-बी' वर्गातले असत. त्यांचे काम आपल्या विहिरीवरच्या पंपासारखे समजावे. मोटार पूर्ण जोरात चालू आहे आणि पाणी कमी हवे म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळला आहे. पाणी कमी येते, पण मोटारीची ताकद फुकट जाते. ए-बी वर्गात ही फुकट गेलेली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून त्या पेट्या मोठ्या, जड आणि पंख्यांच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या असत.

नव्या छोट्या पेट्या बहुधा 'डी' वर्गातल्या असतात. यात व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. मधल्या अवस्थेत तो रेंगाळतच नाही. ही उघडझाप सेकंदाला लाखभर वेळा किंवा त्याहूनही अधिक होते, आणि पुढची गुंडाळी तिचा गुळगुळीत प्रवाह करून स्पीकरला देते. त्यामुळे वाया जाणारी वीज कमी होते.

आकड्यांत सांगतो. स्पीकरला ३०० वॅट द्यायचे आहेत असे धरू. डी वर्गाची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरली, तर बॅटरीकडून ३७५ वॅट घ्यावे लागतात आणि ७५ वॅट उष्णतेत जातात. ए-बी वर्गाची कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर ६०० वॅट घ्यावे लागतात आणि ३०० वॅट उष्णतेत जातात. उष्णता चौपट कमी झाली की पेटी लहान करता येते. तेव्हा लहान आकार हा दोष नव्हे. सबवूफरला फक्त खालचे, जाड स्वर वाजवायचे असतात. त्या कामाला डी वर्ग चांगलाच जुळतो.

मग '२००० वॅट' खरे का?

येथे मात्र सावध राहावे. खताच्या गोणीवर पुढे डोलणाऱ्या पिकाचे चित्र असते, पण आपण गोणी फिरवून १०:२६:२६ हे आकडे वाचतो. तसेच येथेही करावे. 'पीएमपीओ', 'पीक', 'मॅक्स' असे शब्द लावून छापलेले वॅट म्हणजे गोणीवरचे चित्र. पीएमपीओ कसे मोजायचे याचा सर्वमान्य नियमच नाही. खरा आकडा 'आरएमएस' या शब्दापुढे असतो. तोच सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा.

अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने २००३ साली यासाठी एक मानक केले. त्याला पूर्वी सीईए-२००६ म्हणत, आता सीटीए-२००६ म्हणतात. त्यात १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर, आवाजातील बिघाड १ टक्क्याच्या आत ठेवून वॅट मोजतात. पेटीवर किंवा माहितीपत्रकात हे नाव असेल, तर आकड्यावर पुष्कळ विश्वास ठेवता येतो.

पत्रकच मिळाले नाही तर काय करावे? दुकानातच करता येईल अशी एक तपासणी सांगतो. पेटीच्या बाजूला रंगीत फ्यूज खोचलेला असतो. त्यावर अँपिअरचा आकडा असतो. फ्यूज दोन असतील तर आकड्यांची बेरीज करावी. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १३.८ व्होल्ट असतात. अँपिअरला १३.८ ने गुणले की आत जाणारे वॅट मिळतात, आणि त्याचे ८० टक्के म्हणजे बाहेर येणारे वॅट. थोडक्यात, डी वर्गाची पेटी असेल तर फ्यूजच्या अँपिअरला ११ ने गुणावे, आणि ए-बी वर्गाची असेल तर ७ ने.

समजा, २००० वॅट लिहिलेल्या पेटीला ३० अँपिअरचा फ्यूज आहे. ३० गुणिले ११ म्हणजे ३३० वॅट. खरोखर २००० वॅट द्यायचे, तर तिला १८० अँपिअर लागतील, आणि तेवढ्याला ३० चा फ्यूज टिकणार नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! हिशेब अंदाजाचा आहे, पण दुकानदाराच्या तोंडी हिशेबापेक्षा भरवशाचा आहे.

तरीही ३३० वॅट कमी आहेत असे मुलाने समजू नये. कानाचा हिशेब वेगळा असतो. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी ताकद सुमारे दहापट लागते. म्हणून ३०० वॅटची पेटी सोडून ५०० ची घेतली, तर पदरात जास्तीचे दोन-सव्वादोन डेसिबल पडतात. त्यापेक्षा चांगला स्पीकर आणि हवाबंद, जाड फळीची पेटी यांवर पैसे घालावेत. ज्या स्पीकरची संवेदनशीलता ३ डेसिबलने जास्त, तो निम्म्या ताकदीत तेवढाच वाजतो.

आणखी एक आकडा पाहावा, तो ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायर कमीत कमी किती ओहमवर चालतो ते पत्रकात असते. काही स्पीकरांत ४ ओहमच्या दोन गुंडाळ्या असतात. त्या समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर ८. पेटी २ ओहमला चालणारी नसेल आणि जोडणाऱ्याने समांतर जोडले, तर ती तापून बंद पडेल किंवा जळेल.

बॅटरीवर भार पडत नाही, हे खरे का?

नाही. भार कमी पडतो, इतकेच खरे. ३०० वॅटची डी वर्गाची पेटी पूर्ण जोरात सुमारे २७ अँपिअर घेते. गाण्यात ठोका थांबून थांबून येतो, म्हणून सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ९-१० अँपिअर धरावी. इंजिन चालू असताना हा भार अल्टरनेटर उचलतो. गाडीच्या अल्टरनेटरवर त्याचे अँपिअर लिहिलेले असतात. त्यातून हेडलाइट, वायपर, पंखा व बाकीच्या गरजा वजा कराव्यात. रात्रीच्या गाडीत या गरजाच २०-२५ अँपिअर होतात. शिल्लक राहील तेवढीच गाण्याची पुंजी. इंजिन नुसते आयडलवर असताना अल्टरनेटर छापील आकड्याएवढे देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरा धोका गाडी उभी असताना आहे. वाशीला माल उतरेपर्यंत इंजिन बंद करून गाणी लावली, तर सगळा भार बॅटरीवर येतो. ६० अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीतले निम्मे वापरायचे म्हटले, तरी १० अँपिअरने तीन तासांत ते संपते. बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर त्याहून लवकर. आणि डिझेल इंजिन सुरू करायला स्टार्टरला जबर करंट लागतो. पहाटे तीन वाजता गाळ्यासमोर गाडी धक्का मारून सुरू करावी लागली, म्हणजे गाण्याची किंमत कळते. ही बॅटरी वारंवार खोलवर उतरवण्यासाठी बनवलेलीच नसते. त्याने तिचे आयुष्य घटते.

जोडणी करताना

वस्तू चांगली असून आग लागते ती बहुधा जोडणीमुळे. म्हणून पुढील गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्याव्यात.

१. बॅटरीच्या अधिक टोकापासून दीड फुटाच्या आत वेगळा फ्यूज बसवावा. पेटीवरचा फ्यूज पेटीला जपतो, हा फ्यूज तारेला जपतो. तार वाटेत घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर आग आणि आपल्यामध्ये एवढाच एक फ्यूज असतो.

२. तार शुद्ध तांब्याची, १० चौरस मिलिमीटरची घ्यावी. ४ मीटर अंतराला २७ अँपिअरवर तीत पाव व्होल्टाच्या आत घट येते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती जवळपास अर्धा व्होल्ट होते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. तिचा अवरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. चाकूने तार खरवडून पाहावी. आतून पांढरी दिसली तर परत करावी.

३. तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे बसवावे. अर्थची तार आखूड ठेवावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळावी.

४. अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी बारीक तार टेपच्या तारेलाच जोडावी. ती थेट बॅटरीला जोडली तर पेटी रात्रभर जागी राहते आणि सकाळी बॅटरी बसते.

५. सीटखाली पेटीभोवती दोन-तीन इंच हवा राहू द्यावी. तिच्यावर पोती, बारदान टाकू नये. युरियाची फुटकी गोणी तिच्याजवळ मुळीच ठेवू नये. युरिया हवेतला ओलावा ओढतो आणि जोड गंजतात. शेतघरी उंदीर असतातच. महिन्यातून एकदा तारांवर नजर टाकावी.

६. 'गेन' नावाचा खटका म्हणजे आवाजाचा खटका नव्हे. टेपचा आवाज पाऊण ठेवून गेन हळूहळू वाढवावा, स्वर फाटू लागला की थोडा मागे घ्यावा आणि तेथेच सोडावा. बेसची मर्यादा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावी.

कानाचे आणि रस्त्याचे

आता ताईंचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच मोठा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंतच सोसावा असे कामाच्या जागेसाठी अमेरिकेतील आरोग्यशास्त्रज्ञांनी सुचविले आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. एकदा गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. ऊस वाहणाऱ्या आमच्या ट्रॅक्टरचालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर इंजिनाचाच आवाज कानाशी ९० डेसिबलच्या आसपास असू शकतो. त्यावर मात करून गाणे ऐकायचे, म्हणजे कानाचे किती नुकसान ते पाहा. शिवाय मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न, रुग्णवाहिकेचा भोंगा, ट्रॉलीच्या पिनेचा खडखडाट यांपैकी काहीही ऐकू येत नाही. बैलाचा श्वास बदलला की जुना गाडीवान थांबत असे. चालकाने इंजिनाचा आवाज तसाच ऐकला पाहिजे.

रात्री झोप येऊ नये म्हणून गाणी लावतो, असे मुले सांगतात. पेंगणारा मेंदू बेसच्या ठोक्याने जागा राहत नाही. डोळे जड झाले की गाडी रस्त्याच्या बाजूला सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे झोप घ्यावी. त्याला दुसरा उपाय नाही.

गावाचेही भान ठेवावे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीची वेळ १० ते सकाळी ६ धरली जाते. बेसचा जाड स्वर भिंती ओलांडून शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत जातो.

मग घ्यावे की नाही?

ताई, फ्यूजचा हिशेब जुळत असेल, आरएमएस आकडा लेखी मिळत असेल, आणि अल्टरनेटरमध्ये शिल्लक असेल, तर डी वर्गाची २००-३०० वॅटची पेटी घेण्यास हरकत नाही. एवढी ताकद बंद केबिनला पुरून उरते. यांतील एकही गोष्ट जुळत नसेल तर ती पेटी सोडावी. तारेचे आणि फ्यूजचे पैसे वाचवून मात्र घेऊ नये. तेवढी ऐपत या हंगामात नसेल, तर पुढच्या हंगामाची वाट पाहावी.

मुलाच्या वडिलांना एवढेच सुचवितो की, रात्ररात्र एकटा गाडी हाकणाऱ्या पोराला गाण्याची सोबत हवीशी वाटली, तर तिला सरसकट उधळपट्टी म्हणू नये. चिरंजीवांना सुचवितो की, दुकानात जाताना वडिलांना बरोबर न्यावे आणि फ्यूजचा गुणाकार त्यांच्याकडून करून घ्यावा. मोटारी आणि पंपांची घासाघीस करण्यात त्यांची हयात गेली आहे. दुकानदाराला ते सहज पुरून उरतील.

पुढील अंकी : कांदाचाळीत हवा कशी खेळती ठेवावी.