उजवीकडे सांगितलं, डावीकडे गेला!

मंडळी, आधी एक गुन्हा कबूल करतो. गेल्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाला मी गेलो नाही. रिलीज होतं, क्लायण्ट डोक्यावर बसला होता, वगैरे वगैरे. ही कारणं आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाइप करून तयारच असतात. मी राहतो ठाण्याला, नोकरी ऐरोलीला आणि ताई डोंबिवलीला. म्हणजे स्लो लोकलने फार तर अर्धा तास. तरी गेलो नाही. गिफ्ट मात्र जोरदार पाठवलं!

गिफ्ट म्हणजे लेगोचा रोबो, ‘माइण्डस्टॉर्म्स ईव्हीथ्री’. टीममधला एक जण कॅनडाला निघाला होता, घरातलं सामान विकत होता. टीव्ही कुणी नेला, वॉशिंग मशीन कुणी नेलं, मी हा खोका उचलला. आठ हजारांत. २०१३ साली हा सेट बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३४९.९९ डॉलर होती, त्या हिशेबाने सौदा एकदम सही! ओजस दहा वर्षांचा झाला होता. म्हटलं, पोरगा खूश, ताई खूश, मामा सुटला.

भाऊबीजेला गेलो, तर खोका माळ्यावर.

‘‘अगं ताई, हा वर का टाकलास?’’

‘‘उघडला होता त्याने. दोन दिवस बसला. मग म्हणाला, जमत नाही.’’ ताई ओवाळणीचं ताट आवरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘एकट्याने कसं करणार रे? तू येणार होतास ना?’’

भावोजी मर्चण्ट नेव्हीत आहेत. सहा-सहा महिने बोटीवर. ओजस मुळात कमी बोलणारा, त्यात बाबा नसले की आणखी गप्प. राखीपौर्णिमेला ताई मला म्हणाली होती, ‘‘जरा येत जा.’’ आणि मी काय केलं? माझ्याऐवजी ६०१ तुकड्यांचा एक खोका पाठवला. त्या दिवशी ताटातली करंजी घशाखाली उतरली नाही, खरं सांगतो.

तर मंडळी, त्यानंतरचे सलग चार रविवार मी डोंबिवलीला काढले. आता या खेळण्याबद्दल अधिकारवाणीने बोलायला मी मोकळा आहे. घ्यावं की घेऊ नये, चांगलं काय, वाईट काय, सगळं सांगतो.

खोक्यात असतं काय?

आपल्या लहानपणी मेकॅनिक्स होतं. पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि इवलासा पाना. त्याची क्रेन झाली की झाली, ती आपल्या हातानेच फिरवायची. इथे नट-बोल्ट नाहीत. भोकं असलेल्या प्लास्टिकच्या दांड्या आणि त्या जोडायला पिना. मधोमध एक जाडजूड ठोकळा, तो रोबोचा मेंदू. त्यात छोटासा कम्प्युटरच आहे, आत चक्क लिनक्स चालतं. मोटार लावायला चार जागा, सेन्सर लावायला चार जागा. सोबत दोन मोठ्या मोटारी, एक मध्यम. एक सेन्सर स्पर्श ओळखतो, एक रंग, तिसरा इन्फ्रारेड किरणांनी समोर काही आहे का ते बघतो. शिवाय एक रिमोट. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे स्क्रीनवर रंगीत ठोकळे ओढून एकापुढे एक लावायचे. ‘पुढे जा’, ‘थांब’, ‘काळं दिसलं तर वळ’. बस्स.

‘माइण्डस्टॉर्म्स’ हे नावही उगाच दिलेलं नाही. सीमोर पेपर्ट नावाचे गणितज्ञ एमआयटीत होते. लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही कम्प्युटरची भाषा तयार करणाऱ्यांतले ते एक. १९८० साली त्यांनी याच नावाचं पुस्तक लिहिलं. मुलं काहीतरी बनवता बनवता, चुकत, दुरुस्त करत शिकतात हे त्यांचं म्हणणं. लेगोने १९९८ साली पहिला सेट काढला तेव्हा नाव त्या पुस्तकावरूनच घेतलं. मग २००६ साली एनएक्सटी आला, २०१३ साली आमचा हा ईव्हीथ्री आणि २०२० साली ‘रोबोट इन्व्हेण्टर’. २०२२ च्या अखेरीस लेगोने अख्खी मालिकाच बंद केली. म्हणजे आता जो मिळेल तो जुना, कुणाच्या तरी माळ्यावरचा.

प्लस पॉइण्ट

पहिला प्लस पॉइण्ट, चूक दिसते. आपल्या ऑफिसात चूक लॉग फाइलमध्ये लपलेली असते. इथे ती फरशीवर चालत येते! पहिल्या रविवारी आम्ही दोन चाकांची साधी गाडी केली. मी प्रोग्रॅम लिहिला, दोन हात पुढे जा आणि उजवीकडे वळ. रोबो दोन हात पुढे गेला आणि ऐटीत डावीकडे वळून सोफ्याखाली शिरला. पुन्हा केलं, पुन्हा सोफा. मी आठ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी दीड तास प्रोग्रॅम उकरत बसलो. ओजस पोटावर पालथा पडून रोबोकडे बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, ‘‘मामा, वायरी उलट्या आहेत का?’’

होत्या ना! डाव्या मोटारीची वायर उजवीच्या जागी, उजवीची डावीच्या. लावल्या होत्या अर्थातच मी. त्याने वायरी बदलल्या, रोबो उजवीकडे वळला आणि हे कमी बोलणारं पोरगं स्वयंपाकघरात पळत गेलं, ‘‘आई, मामाने चुकवलं होतं, मी शोधलं!’’ पुढे रात्री जेवेपर्यंत ते थांबलं नाही. बोटीवरच्या बाबांनाही फोनवर तेच ऐकवलं.

दुसरा प्लस पॉइण्ट, पुस्तकातलं गणित हाताला लागतं. या मोटारी किती अंश फिरल्या ते स्वतः मोजतात. मग चाक एकदा पूर्ण फिरलं तर गाडी किती पुढे जाईल? ओजसने चाकावर खडूने खूण केली, ताईची शिवणाची टेप आणली आणि फरशीवर चाक एक फेरी फिरवून मोजलं. परीघ म्हणजे काय हे त्याला मी सांगितलं नाही. त्याने मला सांगितलं!

तिसरा, रेषेवरून चालणारा रोबो. हा या खेळातला क्लासिक प्रयोग. फरशीवर इन्सुलेशनची काळी पट्टी चिकटवायची आणि रंगाच्या सेन्सरने ती धरून चालायचं. आपल्याला वाटतं रोबो रेषेवरून चालतो. तसं नसतं. तो रेषेच्या कडेने चालतो. काळं दिसलं की थोडा बाहेर, पांढरं दिसलं की थोडा आत. असा डुलत डुलत पुढे जातो, कारण एका सेन्सरला ‘रेषा सुटली’ एवढंच कळतं, ‘कुठल्या बाजूला सुटली’ हे कळत नाही. कड धरली की बाजू आपोआप ठरते. हे ओजसला समजलं तेव्हा त्याचे डोळे जे काही चमकले ना... माझ्या पहिल्या अप्रेझललाही माझे चमकले नव्हते.

चौथा, या खोक्याला छत नाही. २०१४ साली कॅलिफोर्नियात शुभम बॅनर्जी नावाच्या शाळकरी मुलाने याच ईव्हीथ्रीपासून ब्रेल छापणारा प्रिण्टर केला, नाव ठेवलं ‘ब्रेगो’. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या दोघांच्या ‘क्यूबस्टॉर्मर ३’ने रुबिक क्यूब ३.२५३ सेकंदांत सोडवला. त्याच्या डोक्यात स्मार्टफोन होता, पण हात-पाय लेगोचेच. आपण इतक्या वेळात क्यूब पिशवीतून बाहेरही काढत नाही.

आणि आता मायनस

पहिला मायनस, खाणं. हा राक्षस एका वेळी सहा पेन्सिल सेल खातो. सेल उतरायला लागले की त्याची चाल बदलते. आणि नेमकं तेव्हाच आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो! चार्ज होणारे सेल आणि चार्जर सोबतच घ्या, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार तुम्हाला नावाने ओळखायला लागेल.

दुसरा, सेन्सर लहरी आहेत. इन्फ्रारेडवाला अंतर सेंटीमीटरमध्ये सांगत नाही, ० ते १०० असा नुसता अंदाज देतो. काळी वस्तू असली की त्याचा अंदाज चुकतो. शाळांसाठीच्या ईव्हीथ्री सेटमध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर होता, किती वळलो ते सांगणारा जायरो होता आणि चार्ज होणारी बॅटरीही होती. घरच्या सेटला यातलं काहीच नाही. रंगाच्या सेन्सरचंही तसंच. सकाळी छान चालणारा रोबो संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर वेगळे आकडे दाखवायला लागला. दर वेळी पांढऱ्याचा आणि काळ्याचा आकडा घ्या आणि मधला नव्याने ठरवा.

तिसरा, म्हातारपण. मालिका बंद म्हणजे नवीन मोटार, नवीन वायर दुकानात मागायची सोय नाही. जुनी सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालतीलच असं नाही. दिलासा इतकाच, की जगभरच्या हौशी लोकांनी या ठोकळ्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. ‘ईव्हीथ्रीडेव्ह’ नावाची लिनक्सची आवृत्ती मेमरी कार्डावर घालून लावता येते, मूळचं काही न पुसता. पायथॉनमध्येही प्रोग्रॅम लिहिता येतो. पण हे करायला घरात एक तरी आपल्यासारखं ऑफिसातलं जनावर लागतं.

चौथा, किंमत. जुना सेट घेतानाही वायरी मोजून घ्या, प्रत्येक मोटार फिरवून बघा, ठोकळ्याच्या सेलच्या कप्प्यात हिरवट गंज नाही ना ते पाहा. एवढे पैसे घालवायचे नसतील तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जा. आर्डुइनोचा बोर्ड, दोन पिवळ्या मोटारी, चाकं, सेन्सर असं सगळं कितीतरी स्वस्तात मिळतं. रोबो तोही चालतो. फक्त तिथे वायर चुकली तर सोफ्याखाली जात नाही, कधी कधी धूर येतो. आणि आज केलेली गाडी उद्या मोडून हत्ती करणं लेगोत जेवढं सोपं आहे तेवढं तिथे नाही. दहा वर्षांच्या पोराला आधी लेगो, तेराव्या-चौदाव्या वर्षी आर्डुइनो, हा माझा फंडा.

आणि पाचवा मायनस. तो खोक्यावर कुठेच छापलेला नाही. या सेटला सहा सेलसोबत एक माणूस लागतो. इंजिनीअरच पाहिजे असं नाही, वायरी उलट्या लावणाराही चालतो. पण तो बाजूला, फरशीवर, मोबाइल लांब ठेवून बसलेला पाहिजे. तो नसेल तर दहा वर्षांचं पोरगं दोन दिवसांत ‘जमत नाही’ म्हणतं आणि खोका माळ्यावर जातो. मी रेटिंग द्यायचं तर माणूस असेल तर पाचपैकी साडेचार, नसेल तर दीड. तो दीडही रंगीत तुकड्यांना.

मग घ्यायचा का? चांगल्या अवस्थेतला, मोटारी-वायरी पूर्ण असलेला, परवडणाऱ्या भावात मिळाला तर जरूर घ्या. पण पैसे देण्याआधी कॅलेण्डर उघडा आणि पुढचे चार रविवार मोकळे आहेत का ते बघा. नसतील तर शर्ट द्या. शर्टाला मामा लागत नाही.

चौथ्या रविवारी निघताना ओजस दारापर्यंत आला. रोबो आता पट्टी धरून हॉलमधून स्वयंपाकघरात जातो आणि ताईच्या पायाशी थांबतो. पुढचा प्लॅन त्याने वहीत काढून ठेवलाय. रोबोने चहाचा रिकामा कप बेसिनपर्यंत न्यायचा. मी म्हटलं, ‘‘जमेल तुला आता एकट्याला.’’ बूट घालताना वर बघितलं, तर त्याचा चेहरा पडला होता.

‘‘जमेल,’’ तो म्हणाला. ‘‘पण मग चुकलं तर कोणाचं चुकलं म्हणायचं?’’

पुढच्या रविवारी पुन्हा रिलीज आहे. टीम लीडला मी शुक्रवारीच मेल टाकलाय, रविवारी मी फोनवर आहे, ऑफिसात नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. डोंबिवलीला जायचं मात्र ठरवून टाकलंय.