डोलकाठी खालीं कां उतरवावी ?

आपट्याहून पाताळगंगेच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें कीं धरमतरची खाडी लागते. आणि त्या खाडीचें तोंड रेवस व करंजा यांच्या मधून मुंबईच्या बंदरांत उघडतें. या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आरंभीं होड्या कांठावर ओढून ठेवावयाच्या, त्यांची डागडुजी करावयाची आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुनः पाण्यांत लोटावयाच्या, ही चाल जुनी आहे. होडी चालत असतांना जें दिसत नाहीं तें ती स्वस्थ उभी असतांना पाहून घ्यावें, हें तिच्यांतील शहाणपण. अलीकडच्या शिडाच्या नौकांत डोलकाठी उतरवून तपासतात, त्याचें मूळही हेंच.

या नौकांची डोलकाठी आतां बहुधा लांकडाची नसून पोकळ नळीसारखी व ॲल्युमिनियमची असते. आपल्या आरमाराच्या 'तारिणी' नौकेंतून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी व त्यांच्या पांच सहकारी स्त्रिया २०१७ च्या सप्टेंबरांत गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१८ च्या मे महिन्यांत परतल्या. गोव्यांतच बांधलेल्या त्या नौकेची डोलकाठी सुमारें २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली घराएवढी उंच आहे. एवढी काठी केवळ आपल्या बळावर उभी राहत नाहीं. पुढून, मागून व दोन्ही बाजूंनीं पोलादी तारांनीं ती ताणून धरलेली असते, आणि प्रत्येक तारेचा सर्व भार शेवटीं बोटाएवढ्या खिळीवर येऊन ठरतो.

काठी उतरविण्याचें निमित्त पुष्कळदां नव्या यंत्रांचें असतें. वाऱ्याचा वेग व दिशा दाखविणारें यंत्र, रात्रीचा दिवा, बिनतारी संदेशाची काडी, हीं सर्व शेंड्यावर बसतात. बिनतारी लहरी बहुतेक सरळ रेषेंत जात असल्यामुळें काडी जितकी उंच तितका संदेशाचा पल्ला लांब. या यंत्रांच्या तारा काठीच्या पोकळींतून खालीं येतात, आणि त्या बदलण्याचें काम काठी आडवी केल्यावांचून नीट होत नाहीं.

उतरविण्याची रीत अशी. प्रथम शिडें काढून घडी करून ठेवतात, मग शिडाखालचा आडवा दांडा सोडवितात. पायथ्याशीं विजेच्या तारांचे जोड असतात; ते सोडण्यापूर्वीं प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी. ताण देणाऱ्या फिरक्यांचे किती आटे बाहेर होते तेंही लिहून ठेवावें, म्हणजे काठी पुनः उभारतांना पहिला ताण साधण्यास अडचण पडत नाहीं. दिवस वाऱ्याचा नसावा. यारीचा पट्टा काठीच्या तोलाच्या जागेहून वर बांधावा, नाहीं तर ती अधांतरीं उलटते. यारीनें भार उचलून धरल्यावरच शेवटच्या तारा सोडाव्या.

काठी घोड्यांवर आडवी ठेवल्यावर पुष्कळांचा हात आधीं नव्या यंत्राच्या पेटीकडे जातो. तो आवरावा. तारा जेथें टोंकाच्या पोलादी नळींत दाबून बसविलेल्या असतात तेथें खारें पाणी झिरपतें, आणि केंसासारखी बारीक भेग आंतून वाढत जाते. पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांस चिकटून असतील तेथें खारट ओलीमुळें ॲल्युमिनियम खंगतें. त्याची पांढरी भुकटी रंगाखालीं फुगून येते. हें सर्व भिंगानें पाहावें, बोटानें चाचपावें, आणि शंका येईल ती खिळी बदलावी. त्यानंतर यंत्रें. जुनी तार ओढून काढण्यापूर्वीं तिच्या टोंकास बारीक दोरी बांधावी, म्हणजे त्याच दोरीनें नवी तार आंत घेतां येते. परकराची नाडी बदलतांना जुनीच्या टोंकास नवी बांधण्याची युक्ति घरोघरीं ठाऊक आहे, तीच ही.

डोलकाठी गेली म्हणजे काय होतें, हें २०१८ सालीं दिसलें. कमांडर अभिलाष टॉमी यांनीं २०१३ सालीं 'म्हादेई'तून एकट्यानें, कोठेंही न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली होती. पुढें एका शर्यतींत 'थुरिया' या नौकेंतून जात असतां दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत २१ सप्टेंबरच्या सुमारास त्यांची नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या व त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. २४ तारखेस एका फ्रेंच जहाजानें त्यांची सुटका केली. तो घाला वादळाचा होता. तसल्या लाटांपुढें उत्तम डोलकाठीचाही इलाज चालत नाहीं. परंतु जी काठी साध्या वाऱ्यांत केवळ एका कुजलेल्या खिळीपायीं कोसळते, तिचा दोष समुद्राला देतां येणार नाहीं.

धडधाकट दिसणारी वस्तु खर्च करून खालीं कां घ्यावी, असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतील, आणि तो रास्त आहे. झालेला खर्च जमाखर्चाच्या वहींत दिसतो. टळलेला अपघात कोणत्याच वहींत दिसत नाहीं. म्हणून कोणती तार केव्हां बदलली व कोणती खिळी केव्हां पाहिली, याची तारीखवार नोंद नौकेवर असावी. नवें यंत्र वाऱ्याचा वेग बिनचूक सांगेल. तो वेग काठीला सोसेल कीं नाहीं, हें मात्र त्या नोंदीवरूनच समजेल.